उजवीकडची सावली

वर्षातून एक रविवार तुलियो मला समुद्रावर नेतो.
समुद्र तसा आमच्या घरामागेच आहे, सांपिएरदारेनात,
पण त्याच्यापुढे क्रेन, कंटेनर आणि तारेचं कुंपण.
म्हणून दुसरा लागतो, कॅलेंडरवरचा,
जिथे घरं पिवळी आणि विटकरी असतात
आणि कॉफी दीडपट महाग.

जूनमधल्या त्या शनिवारी रात्री
भांडी विसळत मी एकेक नाव घेत गेले.
नेर्वी?
तिथे नुसते म्हातारे चालतात.
(मग आपण कोण, हे मी विचारलं नाही.)
वारिगोत्ती?
वाळू बुटात जाते, आठवडाभर घरात सापडते.
तेल्लारो?
दोन गाड्या, वर बस, आणि बसवाला उर्मट.
नोली?
नोलीत वारा फार, म्हणाला
आणि उगाच मिठाची बरणी सरळ केली.
नकटीच्या लग्नाला नसतील
एवढी विघ्नं ह्याच्या सहलीला.

मग मी म्हटलं, कामोली.

तो गप्प.
एकतीस वर्षं हे नाव निघालं की हा गप्प होतो,
आणि एकतीस वर्षं मी ते
तापल्या तव्यावरून बोट काढावं तसं मागे घेते.
ह्या वेळी नाही घेतलं.
टॉवेलला हात पुसले, दिवा मालवला.

तुलियो खिडक्या रंगवायचा.
म्हणजे खऱ्या खिडक्यांना रंग नव्हे.
जिथे भिंत कोरी, तिथे हा खिडकी काढायचा,
चौकट, हिरव्या झडपा, एखादी कुंडी,
आणि झडपेच्या कडेला सावली,
की खालून बघणाऱ्याला वाटावं
आत कुणाचा तरी डोळा लागलाय.

अंधारात म्हणाला,
बंदरासमोर, चौथा मजला. एक चुकली आहे.
सगळ्यांची सावली डावीकडे, तिची उजवीकडे.
आदल्या रात्री आपण भांडलो होतो, निवेस.

कशावरून, ते मला आठवेना.
त्यालाही आठवत नव्हतं.

कामोलीत दिवसभर तो घरांकडे पाठ करून बसला.
कांद्याची फोकाच्या खाल्ली, बोटं चाटली,
कुणाच्या तरी कुत्र्याशी बोलला.
एका पोरीने फोटो काढायला मोबाइल दिला
तर ह्याने तिच्यामागची सगळी रंगीत रांग वगळून
तिला वळवून पाण्यासमोर उभी केली.

मी मात्र शोधली.
चार मजले मोजले, आणि होती.
पालेभाजीतली अळी एकदा दिसली
की मग जुडीभर तीच दिसते, तशी.
बाकी कुणाला दिसत नव्हती.
खाली माणसं आइस्क्रीम खात होती.

सहा अडतीसची गाडी माझ्या चपलेने चुकवली.
चढावर अंगठा तुटला,
पायऱ्यांवर बसून मी तो पिनेने जोडत राहिले,
आणि पिन काही लागेना.
मान वर केली तेव्हा सव्वासात होऊन गेले होते.

ऊन पार उत्तरेकडे कललं होतं.
खऱ्या झडपांच्या सावल्या
भिंतीवर उजवीकडे पडल्या होत्या,
लांबलचक, तिरक्या,
आणि रंगवलेल्या सगळ्या खिडक्या
एकजात खोट्या दिसत होत्या.
एक सोडून.

मी त्याला खांद्याला धरून वळवलं.

तो बघत राहिला.
शेजारच्या खऱ्या खिडकीतून एका बाईने टेबलक्लॉथ झटकला,
कबुतरं आली, गेली,
हा बघतोच आहे.
आम्ही पाचला परांचीवरून उतरायचो, म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने म्हणाला,
हिरवा उडालाय. आणखी एक हात द्यायला हवा होता.

नऊ दहाच्या गाडीला अजून वेळ होता.
स्टेशनच्या बाकावर मी अनवाणी,
चपला मांडीवर,
आणि त्याच्या खिशात उरलेली फोकाच्या,
तेल अस्तरापर्यंत पोचलेलं.

पुढच्या वर्षी नोलीला जाऊ, मी म्हटलं.
वारा असला तर असला.

त्याने रुळांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

नोलीत दोन आहेत, म्हणाला.